मोठ्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर जावं का? इंटरव्ह्यू झालाय, सही राहिलीय

पेठेतला_कोडर | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत साडेपाच वर्षं जावा प्रोग्रामिंगचं काम करतोय. पर्मनंट आहे, १४ जणांची टीम, मालक माणूस म्हणून चांगला, पण पगार वर्षाला ७ लाखावर अडकलाय आणि तीन वर्षं तेच तेच बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतोय. गेल्या महिन्यात एका व्हेंडरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीचा, फोन आला. पुण्यातल्या एका खूप मोठ्या परदेशी कंपनीचं काम, पण पेरोल व्हेंडरचा, म्हणजे नेमणूक आणि पगार त्याच्याकडून. १२ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, महिन्याला १ लाख १० हजार, आठवड्यात दोन दिवस हिंजवडीला आणि बाकी घरून. 'वर्षभरात कंपनी तुम्हाला घेतेच' असं तोंडी सांगितलंय.

तीन राउंड झाले. पहिला व्हेंडरच्या एचआरचा, १५ मिनिटं, तिनं फक्त नोटीस किती आणि अपेक्षा किती एवढंच विचारलं. दुसरा टेक्निकल. हॅशमॅप आतून कसा चालतो ते नीट सांगितलं, पण 'एकाच क्लासमधल्या एका मेथडनं दुसरी ट्रान्झॅक्शनल मेथड बोलावली तर काय होतं' इथं अडकलो. तिसरा क्लायंटच्या, म्हणजे त्या मोठ्या कंपनीच्या मॅनेजरचा, त्यात कोडिंग काहीच नाही, 'आमची एक सर्व्हिस दर मंगळवारी सकाळी स्लो होते, तुम्ही कुठून बघायला लागाल' यावरच पाऊण तास गेला. मला तो राउंड मनापासून आवडला. काल सिलेक्शन झाल्याचा मेल आला, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायचीय.

घरी अडचण अशी की वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत ३१ वर्षं होते. त्यांच्या लेखी कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ठेकेदाराचा माणूस, गेटपास वेगळा, कँटीनमधली रांग वेगळी. दोन दिवस झाले माझ्याशी धड बोलले नाहीत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी खरं काय ते सांगा. सही करण्याआधी काय विचारायचं राहिलंय का?

रंकाळ्याची_हवा | सोमवार, रात्री १०:५२

अभिनंदन भावा! मंगळवारचा प्रश्न लय भारी आहे. तू काय उत्तर दिलंस ते पण लिही की.

पेठेतला_कोडर | सोमवार, रात्री ११:०५

@रंकाळ्याची_हवा, मी आधी उलट विचारलं की मंगळवारीच का, सोमवारी रात्री कुठली बॅच चालते का. ते हसले आणि म्हणाले आता पुढं बोलूया. मग डेटाबेसचे लॉक, कनेक्शन पूल, थ्रेड डंप असं एकेक करत गेलो.

हिंजवडी_रिटर्न | सोमवार, रात्री ११:४८

मी आठ वर्षांत दोन मोठ्या ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर होतो त्यामुळं सविस्तर लिहितो.

पहिल्या ठिकाणी जॉइन झालो तेव्हा पहिले १७ दिवस माझ्याकडं कामच नव्हतं, कारण लॉगिन नाही, रेपोचा ॲक्सेस नाही, व्हीपीएन नाही. पर्मनंट लोकांचं सगळं पहिल्या दिवशी तयार असतं, आपली रिक्वेस्ट चार जणांच्या मंजुरीतून फिरते. ते दिवस मी फुकट घालवले नाहीत, शेजारच्या पोराच्या खुर्चीमागं बसून कोड वाचला आणि त्याचा पुढं फार उपयोग झाला. गळ्यातली ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची हे खरं आहे. टाउनहॉलचं निमंत्रण नसतं, टीमच्या सहलीला नाव नसतं. पहिल्या दिवाळीला टीममधल्या सगळ्यांच्या टेबलावर खोकं आलं आणि माझं टेबल तेवढं रिकामं. त्या संध्याकाळी वाईट वाटलं, अजून आठवतं. पण कोड रिव्ह्यूत माझी दोरी कुणी बघितली नाही. तिथल्या एका सिनिअर बाईंनी माझ्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (तपासायला पाठवलेल्या कोडवर) एवढ्या बारकाईनं लिहिलं की तीन वर्षांत जे शिकलो ते मला दहा वर्षांत शिकायला मिळालं नसतं.

त्या तीन वर्षांत दर सहा महिन्याला एक्स्टेन्शन आणि दर वेळी 'पुढच्या बजेटमध्ये बघू'. घेतलं नाहीच. दुसऱ्या ठिकाणी मात्र ११ महिन्यात घेतलं. फरक काय होता सांगतो. दुसऱ्या ठिकाणी कन्व्हर्जन, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरून पर्मनंट करणं, लेटरमध्ये लिहिलेलं होतं, किती महिन्यांनी घेता येईल आणि व्हेंडरला फी किती द्यायची ते सुद्धा. पहिल्या ठिकाणी नुसतं तोंडी. तेव्हा 'घेतेच' म्हणजे काय ते मेलवर लिहून माग. आणि मॅनेजरला सरळ विचार की तुमच्या टीममध्ये गेल्या दोन वर्षांत कॉन्ट्रॅक्टवरून किती जण आत आले. खरा माणूस असेल तर आकडा सांगतो.

उद्यमनगरचा_टर्नर | मंगळवार, सकाळी ७:१५

मी सॉफ्टवेअरवाला नाही, माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, वडिलांपासून. आम्ही मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो म्हणून लिहितोय. तुझ्या वडिलांना सांग की अख्खं उद्यमनगर कॉन्ट्रॅक्टवरच उभं आहे. पण आम्ही काही गोष्टी पाळतो. पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय जॉब मशीनवर चढवत नाही. रिजेक्शन झालं तर मटेरियल कुणाचं हे आधी ठरवतो. पैसे किती दिवसांत हे लिहून घेतो, आम्हा छोट्या उद्योगांना तर २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांची मर्यादा आहे, तरी मागं लागावं लागतंच. तुझ्या बाबतीत पहिला प्रश्न हाच की क्लायंटनं व्हेंडरचे पैसे थांबवले तर व्हेंडर तुझा पगार थांबवणार का? ते लेटरमध्ये शोध.

आजरा_घनसाळ | मंगळवार, सकाळी ९:३०

वरचा प्रतिसाद आवडला. मला तर हे ऊसतोडीच्या मुकादमासारखं वाटतं. कारखाना वेगळा, मुकादम वेगळा, राबणारा तिसराच. कारखाना कधी थेट मजुराशी बोलत नाही. व्हेंडर म्हणजे मुकादमच की.

कळंब्याची_लेक | मंगळवार, सकाळी १०:१०

@आजरा_घनसाळ, राग मानू नका पण ही तुलना मला पटत नाही. माझ्या माहेरी शेतात टोळ्या उतरायच्या, पालात राहणारी माणसं, पहाटे चारला बायका लेकरं घेऊन फडात. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आपल्याला नाही पटलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीत अर्ज टाकता येतो. त्यांचं दुःख आपल्या दोरीच्या रंगाला लावू नये.

आजरा_घनसाळ | मंगळवार, सकाळी १०:२५

ताई, बरोबर आहे तुमचं. मी फक्त मधल्या माणसाबद्दल बोलत होतो, पण शब्द मागं घेतो.

कळंब्याची_लेक | मंगळवार, सकाळी ११:००

मोठं मन आहे तुमचं. आता माझा अनुभव, कारण मुली पण हा धागा वाचत असतील.

मी २०२२ ला अशाच थर्ड पार्टी पेरोलवर होते. गरोदरपणाचा चौथा महिना लागल्यावर व्हेंडरला कळवलं. कायद्यानं मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हणून हक्क जात नाही. मला हे तेव्हा माहीत होतं. व्हेंडरनं नाही म्हटलंच नाही, दोन महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टची मुदत संपत होती ती फक्त वाढवली नाही. कामाबद्दल एक तक्रार नव्हती, उलट मॅनेजरनं जाताना शिफारसपत्र दिलं. भांडायची ताकद त्या अवस्थेत नव्हती आणि मी ते सोडून दिलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून माझं म्हणणं, मुदत कधी संपते ती तारीख आपल्या आयुष्याच्या तारखांशेजारी ठेवून बघा. लग्न, बाळंतपण, घराचं कर्ज, आईवडिलांचं ऑपरेशन. होम लोन घ्यायचं असेल तर आधीच घे, बँकवाला लेटरवर 'कॉन्ट्रॅक्ट' वाचल्यावर दहा प्रश्न विचारतो.

सेमीकोलन | मंगळवार, दुपारी १:४०

मी सध्या क्लायंटच्या बाजूला आहे आणि महिन्यात पाच-सहा कॉन्ट्रॅक्ट इंटरव्ह्यू घेते.

आधी तुझा अडलेला प्रश्न. स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) तुझ्या बीनभोवती, म्हणजे त्यानं सांभाळलेल्या ऑब्जेक्टभोवती, एक प्रॉक्सी म्हणजे मधला पहारेकरी उभा करतं आणि ट्रान्झॅक्शन त्या प्रॉक्सीत सुरू होतं. बाहेरून कुणी मेथड बोलावली की कॉल प्रॉक्सीतून येतो. आतल्या आत, त्याच क्लासमधून बोलावलीस की कॉल सरळ ऑब्जेक्टवर जातो, प्रॉक्सी वाटेत येतच नाही, म्हणजे ॲनोटेशन असून नसल्यासारखं. ती मेथड दुसऱ्या बीनमध्ये हलव, नाहीतर ट्रान्झॅक्शन टेम्प्लेट वापरून हातानं उघड. हा प्रश्न आम्ही पाठांतर बघायला नाही विचारत, प्रॉडक्शनला हा बग खरंच होतो. अर्धा डेटा सेव्ह होतो, अर्धा नाही, आणि लोक दोन-दोन दिवस डेटाबेसला दोष देत बसतात.

आता कॉन्ट्रॅक्टच्या इंटरव्ह्यूचं. पर्मनंटला आम्ही माणूस पुढं किती वाढेल ते बघतो. कॉन्ट्रॅक्टला बघतो की दुसऱ्या आठवड्यात तो तिकीट उचलून बंद करेल का. त्यामुळं अवघड अल्गोरिदम कमी आणि 'तू स्वतः काय केलंस' जास्त. 'आम्ही केलं, टीमनं केलं' असं बोलणारी पोरं मागं पडतात, आणि आपल्याकडची पोरं संकोचानं तसंच बोलतात. 'हे मी केलं' म्हणायला शिका. माहीत नसेल तर नाही माहीत म्हणा आणि कुठं शोधाल ते सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हेंडरनं आमच्याकडं पाठवलेला तुझा सीव्ही मागवून वाच. मी कितीदा बघितलंय, पोराला पाच वर्षांचा अनुभव आणि माझ्यासमोरच्या कागदावर आठ. त्याला स्वतःला पत्ता नसतो. पुढं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते सापडतं आणि ठपका पोरावर येतो, व्हेंडर हात झटकतो.

पेठेतला_कोडर | मंगळवार, दुपारी २:०५

@सेमीकोलन ताई, पोटात गोळा आला हे वाचून. आत्ताच मागवतो.

गंगावेशकर | मंगळवार, दुपारी ३:३०

अजून एक. एकाच जागेसाठी दोन व्हेंडरना हो म्हणू नका. दोघांनीही तुमचा सीव्ही पाठवला की क्लायंट भांडण नको म्हणून दोन्ही सीव्ही बाजूला ठेवतो. माझं असंच झालं. म्हणून व्हेंडर 'मी तुमच्याकडूनच अर्ज करतोय' अशा संमतीचा मेल मागतो, तो पाठवताना जागेचं नाव आणि रेट दोन्ही त्यात लिहा.

हिशोबनीस | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

पैशाचं बोलूया, कारण १ लाख १० हजार हा आकडा अर्धवट आहे. पेरोलवर घेणार असतील तर त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ धरलाय का बघ. बरेच व्हेंडर १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १८०० दोन्ही बाजूचे तुझ्याच आकड्यातून कापतात. मेडिक्लेम कुणाचा, आईवडील त्यात आहेत का, पगारी सुट्ट्या किती, क्लायंटचं ऑफिस नाताळात आठवडाभर बंद राहिलं तर ते दिवस कुणाच्या खात्यावर? हे सगळं वजा करून मग सध्याच्या ७ लाखाशी तुलना कर. ग्रॅच्युइटीचं पण विचार. जुन्या नियमात पाच वर्षं लागायची, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला एका वर्षानंतर प्रमाणात मिळते. त्यामुळं लेटरवर नेमणूक कुठल्या प्रकारची लिहिलीय हे महत्त्वाचं.

पेरोलऐवजी 'इनव्हॉइस द्या' म्हणाले तर गणित वेगळं. तेव्हा तू नोकर नाहीस, व्यावसायिक आहेस. पीएफ नाही, रजा नाही, टीडीएस कापून पैसे येतात, वर्षाची उलाढाल २० लाखाच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आणि १८ टक्के. दुसऱ्या बाजूला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, निम्मी जमा उत्पन्न धरून कर भरता येतो, ७५ लाखापर्यंत, रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर. पण हे करायचं तर रेट निदान दीडपट माग.

पुराच्या_पाण्यातला | मंगळवार, रात्री ९:१५

रजेचा विषय निघाला म्हणून. मी शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या जवळ राहतो. २०२१ च्या जुलैत घरून कॉन्ट्रॅक्टवर काम करत होतो, दिवसाच्या रेटवर. आपल्याला माहितीच आहे, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका. ४३ ओलांडल्यावर आम्ही वरच्या मजल्यावर सामान चढवलं, लाइट गेली, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, मोबाइलला रेंज नाही. नऊ दिवस मी काम करू शकलो नाही आणि नऊ दिवसांचे पैसे आले नाहीत. टीममधल्या पर्मनंट मुलाच्या घरात सांगलीला पाणी होतं, त्याला कंपनीनं खास रजा दिली आणि मदत पण पाठवली. त्याला मिळालं याचा आनंदच झाला. मॅनेजरनं माझ्यासाठी पण प्रयत्न केला, पण टाइमशीटमध्ये तसा कोडच नव्हता. तेव्हापासून मी तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवतो, त्याला हात लावत नाही. कोल्हापुरात राहून असं काम करणाऱ्यानं इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं नेट ठेवावंच.

रंकाळ्याची_हवा | मंगळवार, रात्री ९:४०

मी पण होतो त्या वर्षीच्या पुरात, बोटीतून दूध आणलेलं आठवतंय. दादा, काळजी घ्या.

बिंदू_चौक | बुधवार, सकाळी ८:५०

सगळे भीती घालायलाय त्याला. पर्मनंट म्हणजे तरी काय कायमचं असतंय? माझ्या भावाला पर्मनंट असून एका मीटिंगमध्ये घरी घातलं. वयाच्या २७-२८ ला नाही जायचं तर कधी जायचं? जा भावा, मोठ्या ठिकाणचं काम बघ, नाही जमलं तर कोल्हापूर कुठं पळून जात नाही.

हिंजवडी_रिटर्न | बुधवार, सकाळी ९:३५

@बिंदू_चौक, जाऊ नको कुणीच म्हणालं नाही, डोळे उघडे ठेवून जा म्हणतोय. हा प्रश्न काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं टेम्पररी म्हणून राबलेले लोक कोर्टात गेले, पर्मनंटचंच काम करतो मग फायदे का नाहीत म्हणून. २००० साली ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. पण त्यानंतर त्या धंद्यात नियम आले ते मुदतीचे. त्याच कंपनीनं २०१४ ला १८ महिने काम झालं की सहा महिने बाहेर, असं ठरवलं. म्हणजे खटला लढून तडजोड मिळाली, पण पुढच्यांना मुदतीची कात्री लागली. गूगलमध्ये २०१९ ला बाहेरून घेतलेली आणि टेम्पररी माणसं पर्मनंटपेक्षा जास्त होती असं वर्तमानपत्रात आलेलं. तेव्हा मोठ्या कंपनीत आपण एकटे असे असू असं समजू नकोस, शेजारच्या चार खुर्च्यांतली एकदोन आपल्यासारखीच असतात.

कायद्याची_ताई | बुधवार, दुपारी १२:१५

लेटरमधलं नोटीसचं कलम वाच. बहुतेक ठिकाणी तू सोडताना ६० किंवा ९० दिवस आणि ते काढताना ७ किंवा १५ दिवस. हे दोन्ही बाजूंना सारखं मागता येतं, लोक मागतच नाहीत. नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं क्लायंटकडं जायचं नाही असं लिहिलेलं असतं, १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २७ अशा अटींच्या आड येतं. पण मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा बाँड हा वेगळा विषय आहे, २०२५ ला सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात २ लाखांचा असा बाँड वैध ठरवलाय. त्यामुळं 'बाँड कुठं चालतो' म्हणून डोळे झाकून सही करू नकोस. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय हे खरं, तरी कोर्टाची पायरी न चढलेली बरी.

मटणाचा_वार | बुधवार, दुपारी १:००

हिंजवडीत दोन दिवस राहणार तर जेवायचं काय करणार? तिथं तांबडा रस्सा म्हणून जे देतात ते घरी सांगू पण नकोस.

गंगावेशकर | बुधवार, दुपारी १:१०

वाकडला आमच्याकडं ये. बायको कागलची आहे, मसाला घरचा आहे.

पेठेतला_कोडर | शुक्रवार, रात्री १०:२०

मंडळी, तीन दिवस गडबडीत होतो. काय झालं ते सांगतो.

सीव्ही मागवला. द्यायला टाळाटाळ केली, तिसऱ्या मेलनंतर आला. साडेपाचचे साडेसात केलेले होते आणि मी कधी हात न लावलेलं काफ्का नावाचं सॉफ्टवेअर दोन प्रोजेक्टमध्ये. रात्रभर झोप नाही. सकाळी व्हेंडरच्या एचआरला फोन केला तर 'सगळेच असं करतात, आता सिलेक्शन झालंय, गप्प बसा'. मी म्हटलं दुरुस्त सीव्ही तुम्ही क्लायंटला पाठवा, नाहीतर सही करणार नाही. ती चिडली, पण मला कॉपीत ठेवून पाठवला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं स्वतः कॉल लावला. ते म्हणाले इंटरव्ह्यूतच मला अंदाज आला होता की अनुभव एवढा नसेल, पण विचार करायची पद्धत आवडली. अनुभवाच्या टप्प्यामुळं रेट १ लाख १० हजारावरून ९८ हजारावर आला. मी हो म्हटलं.

नोटीस दोन्हीकडून ३० दिवस झाली, @कायद्याची_ताई, नुसतं मागितलं आणि दिली! पगार क्लायंटच्या पैशावर अवलंबून नाही ही ओळ घालून घेतली. कन्व्हर्जन लिहून देत नाहीत, पण त्यांच्या टीममध्ये दोन वर्षांत सहातले दोन आत आले असं मॅनेजरनं सांगितलं. मी शून्य धरून चाललोय. मेडिक्लेममध्ये आईवडील नाहीत, तो मी वेगळा घेतोय.

वडिलांना काल रात्री सगळं लेटर वाचून दाखवलं, मराठीत सांगत. रेट कमी झाला का म्हणून विचारलं, मी सीव्हीचं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले आमच्या शॉपमध्ये ठेकेदाराचा एक मोल्डर होता, त्याच्या हातचं कास्टिंग कधी रिजेक्ट झालं नाही, साहेबलोक त्याचं नाव घेऊन काम द्यायचे. एवढंच बोलले आणि गेटपास कधी मिळणार विचारलं.

पुढच्या महिन्यात ५ तारखेला जॉइनिंग. सोमवारी रात्री इथून निघून मंगळवारी सकाळी वेळेत पोचायला कुठली गाडी बरी?

हिंजवडी_रिटर्न | शुक्रवार, रात्री १०:३५

शाब्बास! रातराणी पकड आणि वाकड पुलाखाली उतर, स्वारगेटला जाऊ नको, तिथून उलटा फेरा पडतो. पहिले आठ-दहा दिवस ॲक्सेस नसेल, वही बरोबर ठेव.

सेमीकोलन | शुक्रवार, रात्री १०:५०

आणि मंगळवारी सकाळीच पोचतोयस, तेव्हा ती सर्व्हिस स्लो का होते ते शोधून इथं येऊन सांग. आम्ही वाट बघतोय.